सहाव्या चौकोनावरचे थेंब

सिरिल ट्रेम्बाथच्या मोटारीच्या बॉनेटवर चिकटपट्टीने आखलेले सहा चौकोन होते. पाच चौकोनांवर मोटारीला चकाकी देणारी पाच निरनिराळी कार्नोबा मेणे चढवलेली होती. सहाव्यावर काहीही चढवलेले नव्हते. एकावन्नाव्या दिवशी, म्हणजे सत्तावीस मे रोजी, सकाळी साडेसात वाजता पाण्याचे सर्वांत गोल आणि सर्वांत उभे थेंब सहाव्या चौकोनावर होते.

सिरिलने मोजमाप पुन्हा घेतले. कोनमापक बदलला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा मोजले. आकडा बदलला नाही. एकतीस वर्षे जिल्ह्याच्या पाणीतपासणी प्रयोगशाळेत घालवलेल्या माणसाला अशा वेळी दोनच गोष्टी करता येतात. एक, आकडा वहीत लिहिणे. दोन, घरात जाऊन बसणे. त्याने त्या त्याच क्रमाने केल्या.

प्रकरणाची सुरुवात मार्च महिन्यात, बेलंग्राच्या जुन्या मोटारींच्या मंडळाच्या सभेत झाली होती. सभेचे कामकाज आटोपून चहा-बिस्किटे चालू असताना मंडळाचा चिटणीस रोली पास्को याने खिशातून एक डबी काढली. डबी दोनशे चाळीस डॉलरची होती. झाकण उघडताच खोलीत पिकल्या आंब्याचा वास पसरला. हे मेण लावले की रंगाला खोली येते, विहिरीत डोकावल्यासारखे वाटते, असे रोलीने सांगितले. जमलेल्यांनी आदराने वास घेतला. सिरिलने खोली कशाने मोजली असे विचारले.

रोली म्हणाला, "डोळ्यांनी, सिरिल. देवाने दोन दिलेत."

ज्या डोळ्यांच्या मालकाने डबीचे पैसे दिले आहेत ते डोळे मोजमापाचे साधन म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत, असे सिरिलने नम्रपणे नमूद केले. तो नम्रपणे काही नमूद करू लागला की मंडळाच्या सभा लांबतात, हा सर्वांचा अनुभव होता. तेव्हा अध्यक्षा मिसेस ऑक्सनहॅम यांनी तोडगा काढला. सिरिलनेच मोजावे, जूनच्या अखेरच्या सभेत निष्कर्ष वाचावेत, आणि त्यानंतर वसंतातल्या, म्हणजे तिकडच्या सप्टेंबरातल्या, मोटार-प्रदर्शनासाठी रंगपरीक्षक कोण, तेही ठरवून टाकावे.

हे शेवटचे वाक्य त्यांनी बिस्किट घेता घेता उच्चारले, परंतु सिरिलच्या कानात ते घरी पोचेपर्यंत वाजत होते. प्रदर्शनात गेली अकरा वर्षे त्याच्याकडे टायरांतली हवा आणि इंजिनाखालची तेलगळती हे विभाग होते. म्हणजे लोक उभे राहून गाड्यांची स्तुती करत असताना हा माणूस गुडघ्यांवर असे. रंगपरीक्षक मात्र उभा असतो. त्याच्या हातात पांढरा हातमोजा असतो आणि तो गप्प राहिला तरी लोक अस्वस्थ होतात. जुने परीक्षक मुलीकडे समुद्रकाठी राहायला गेल्यामुळे ती जागा रिकामी होती, आणि सिरिलला ती हवी होती. आयुष्यात त्याला इतके सरळ असे फार थोडे काही हवेसे वाटले होते.

कार्नोबा मेणाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखात एक ताड वाढतो. ऊन सोसवत नाही म्हणून तो आपल्या पानांवर मेणाचा थर धरतो. पाने वाळवून झोडपली की त्या मेणाची भुकटी पडते. हे मेण विटेसारखे कडक असते आणि ब्याऐंशी अंशांच्या आत वितळत नाही. शुद्ध स्वरूपात ते मोटारीला चोळू गेल्यास मोटारीचा रंग निघेल, मेण लागणार नाही. म्हणून प्रत्येक कंपनी त्यात तेले, द्रावके, मधमाश्यांचे मेण आणि फळांचे वास घालते, आणि मग डबीवर 'शुद्ध' असे छापते. चांगल्या मेणाची परीक्षा एवढीच की पाणी पृष्ठभागाला चिकटू नये, थेंब होऊन उभे राहावे आणि घरंगळून जावे. पालथ्या घड्यावर पाणी, हे आपल्या भाषेत निराशेचे वचन आहे. या धंद्यात ते सर्वोच्च ध्येय होय.

सिरिलची मोटार एकोणीसशे एकोणसत्तर सालची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची होती. सात एप्रिलला त्याने बॉनेट साबणाने, मग स्पिरिटने स्वच्छ केले, सहा चौकोन आखले आणि कोणते मेण कुठे जावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. चिठ्ठ्या बायकोच्या, नोरीनच्या, लग्नसमारंभात घालायच्या हॅटमधून काढल्या. पाच चौकोनांना अ, ब, क, ड, इ अशी अक्षरे मिळाली. 'काही नाही' ही चिठ्ठी पुढच्या डाव्या कोपऱ्याला, म्हणजे शेजाऱ्याच्या कुंपणाकडच्या चौकोनाला आली. प्रयोगात असा एक चौकोन लागतोच. मेणाने काय साधले हे सांगायचे तर मेणाशिवाय काय होते ते ठाऊक असावे लागते.

मग सूचना देण्यात आल्या. अ पासून इ पर्यंतच्या चौकोनांना कोणीही बोट लावायचे नाही, हे नोरीनला सांगण्यात आले. टपाल टाकणाऱ्या बाईंना सांगण्यात आले. शेजारी क्लॅरी डगन याला तर बॉनेटजवळ नेऊन, एकेका चौकोनावर पेन्सिल धरून सांगण्यात आले. क्लॅरीने पाचही वेळा मान हलवली.

सल्ल्यांची वाण नव्हती. रस्त्यापलीकडच्या मिसेस स्क्रिमजर यांनी कळवले की त्यांची मावशी गाडीला जमिनीचे मेण लावत असे आणि त्या गाडीला मरेपर्यंत गंज चढला नाही. मरेपर्यंत म्हणजे गाडीच्या की मावशीच्या, असे सिरिलने विचारले. दोघी एकदमच तळ्यात गेल्याचे समजले. रोलीने दूरध्वनी करून बजावले की आपले मेण फडक्याने लावणे हा अपमान आहे, ते तळहातावर घेऊन अंगाच्या उबेनेच लावले पाहिजे. एकाला तळहात आणि चौघांना फडके हा अन्याय झाला असता, म्हणून सिरिलने पाचही मेणे तळहाताने लावली, प्रत्येकी दोन ग्रॅम, आणि प्रत्येक वेळी तळहाताचे तापमान नोंदले. त्यानंतर तीन दिवस त्याच्या हातांना आंबा, नारळ, व्हॅनिला, केळे आणि घासलेट असा मिश्र वास येत होता. नोरीनने जेवताना ताट खिडकीजवळ नेले.

रोज सकाळी साडेसातला बॉनेटवर दोनशे मिलिलिटर पाणी फवारायचे, थेंबांची छायाचित्रे घ्यायची आणि थेंबाची कड रंगाशी किती अंशांचा कोन करते ते मोजायचे, अशी पद्धत ठरली. ती नऊ दिवस चालली. दहाव्या दिवशी नगरपालिकेच्या पाणी-निर्बंध विभागातून मिस फॅरगर नावाच्या अधिकारी आल्या. दुष्काळाचे तिसरे वर्ष चालू होते. मोटार पाण्याने धुताना या घरातील इसमास रोज पाहिले जाते, अशी तक्रार होती. तक्रार कोणाची ते त्या सांगणार नव्हत्या, परंतु मिसेस स्क्रिमजर यांच्या खिडकीचा पडदा हलला.

येथे एखाद्या व्यवहारी माणसाने धुतो म्हणून कबुली दिली असती आणि सुटला असता. कारण रविवारी, गवतावर, एका बादलीत मोटार धुण्यास परवानगी होती आणि सिरिल ते करतही असे. गाडी गवतावर न्यायला क्लॅरी मागून ढकलायचा, सिरिल चाक धरायचा. पण सिरिलला खोटे बोलवेना. धुणे म्हणजे पृष्ठभागावरून काहीतरी काढून टाकणे, असे त्याने समजावले. आपण काही काढत नाही, केवळ ओले करतो.

मिस फॅरगरनी अर्जाचे चौदा रकाने वाचले. ओले करणे, असा रकाना नव्हता.

"शाळेचं काम आहे का?" त्यांनी मदतीच्या भावनेने विचारले. "मुख्याध्यापकांची सही आणलीत तर सहावा रकाना बसतो."

सिरिलचे वय बहात्तर होते. शेवटी बाराव्या रकान्यावर एकमत झाले: 'झाडांना हाताने पाणी घालणे.' किती झाडे, या प्रश्नापुढे त्यांनी बॉनेटकडे पाहून सहा लिहिले. खाण्याजोगी आहेत काय, यापुढे नाही लिहिले. घराचा क्रमांक सतरा असल्यामुळे पाणी फक्त विषम तारखांना घालता येणार होते. अशा रीतीने सिरिलचा प्रयोग एक दिवसाआड झाला, आणि त्याच्या आलेखात एप्रिलच्या मध्यावर एक खाच पडली. एकतीस मे आणि एक जून या दोन्ही तारखा विषम असून लागोपाठ येतात, याचा त्याने पंधरा दिवस आधीपासून धसका घेतला.

तरीही पहिले चार आठवडे आकडे समजूतदारपणे वागले. पाचही मेणे शंभर अंशांच्या वर सुरू झाली आणि हळूहळू उतरू लागली. घासलेटाच्या वासाचे, सर्वांत स्वस्त मेण टिकून होते. रोलीच्या आंब्याचे तिसऱ्या क्रमांकावर घसरले. सिरिलला यात आसुरी आनंद झाला नाही असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. त्याने दुकानात पांढऱ्या हातमोज्यांची किंमत विचारली. सहावा चौकोन चौसष्ट अंशांवर होता आणि पाणी त्याच्यावर दुःखी माणसासारखे पसरत होते. तसेच असायला हवे होते.

पाचव्या आठवड्यात तो एकाहत्तरवर गेला. सहाव्यात एकोणऐंशी. सत्तावीस मे रोजी एक्क्याण्णव, आणि त्या दिवशी पाचांपैकी सर्वांत वरचे मेण अठ्ठ्याऐंशीवर होते.

ज्याच्यावर काही नाही ते सर्वांत उत्तम, हे वाक्य मंडळाच्या सभेत उच्चारून पाहावे. सिरिलने न्हाणीघराच्या आरशासमोर उच्चारून पाहिले. आपणच हसू, इतके ते वाईट होते. गुडघ्यांवरची आणखी अकरा वर्षे त्याला स्पष्ट दिसली.

संशयितांची यादी एकाहत्तर अंशांपासूनच चालू झाली होती. पहिला होता शेजारच्या चौकोनातून वाहून आलेला मेणाचा अंश. पण मग चौकोनाची ती एकच कड सुधारली असती, आणि इथे तर मध्य सर्वांत चांगला होता. दुसरे, छपरावर ओणवलेले निलगिरीचे झाड, ज्याच्या पानांत तेल असते. फांदी तोडण्यासाठी नगरपालिकेकडे अर्ज केला. तो मिस फॅरगर यांच्याच टेबलावर गेला. त्यांनी कळवले की नोंदीनुसार आपल्याकडे सहा झाडे असून त्यांपैकी कोणत्याची फांदी तोडायची आहे ते लिहावे. सिरिलने त्या फांदीखाली काच ठेवून आठवडाभर काय पडते ते पाहिले. दोन पाने आणि एक मुंगी पडली.

तिसरी होती नोरीन. सिरिलने हा प्रश्न जेवणानंतर, शक्य तितक्या तटस्थपणे विचारला.

नोरीनने विणकाम खाली ठेवले. "चव्वेचाळीस वर्षांत तुझ्या गाडीला मी कधी मेण लावलंय?"

"नाही."

"आणि आता लावायला घेतलं तर ज्याच्यावर लावायचं नाही त्याच चौकोनावर लावेन? आणि तेही तुझ्या नकळत? सिरिल, माझा स्वभाव तुला एवढासुद्धा कळलेला नाही?"

त्या रात्री नोरीन विणकाम घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. वहीत तिच्या नावापुढे 'निर्दोष' असे लिहून सिरिलने तिला ते दाखवले. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

उरला घातपात. रोली मेच्या मध्यावर येऊन बॉनेटभोवती दोनदा फिरून गेला होता, हे खरे होते. मांजरीचा वावर होता. मॅगपाय पक्षी होते. ज्याचे कारण माहीत नाही ते बाहेर ठेवावे, या न्यायाने सिरिलने एकोणतीस मे रोजी फळझाडांवर टाकायची पांढरी जाळी आणली आणि गाडीची उघडी शेड तिन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत बंद केली. आत शिरायला त्याने गॅरेजचे मागचे दार ठेवले. त्याची किल्ली त्याच्याच खिशात होती.

क्लॅरी डगनविषयी येथवर थोडेच सांगितले गेले, कारण सिरिलच्या वहीतही त्याच्याविषयी काही नव्हते. क्लॅरी पूर्वी लोकरीची प्रत ठरवण्याचे काम करी. शेडमध्ये कातरून आलेली लोकर नुसत्या बोटांनी चाचपून तो तिचा दर्जा सांगत असे. त्याची बायको मॉड दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. तेव्हापासून तो रोज सकाळी सातला चहाचा कप घेऊन सिरिलच्या शेडमध्ये येई आणि गाडीला टेकून उभा राही. बेलंग्रात पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत. तसे बसणे डॉक्टर, बँक आणि पोलीस यांच्यासाठी राखलेले असते. बाकीचे बोलणे गाडीला टेकून, दोघांनी एकाच दिशेला पाहत होते. न आलेला पाऊस, लोकरीचा भाव, उजवा गुडघा, यांवर वीस मिनिटे बोलून कप रिकामा झाला की क्लॅरी बरे म्हणून निघून जाई. सिरिल तेवढ्या वेळात गाडीच्या पलीकडच्या अंगाला फवारा भरत असे आणि तापमान, आर्द्रता, वारा, पक्षी आणि मांजर यांची नोंद करत असे. क्लॅरीची नोंद करण्याचे कारण नव्हते. क्लॅरी हा घटक नव्हता, क्लॅरी होता.

जाळी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी क्लॅरी आला नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी आला नाही. एकतीस मे आणि एक जूनच्या जोडसंकटात सिरिलच्या ते लक्षात आले नाही. तीन जूनला सहावा चौकोन सत्त्याऐंशीवर होता. पाचला ब्याऐंशी. सातला शहात्तर. नऊला सत्तर. पाच मेणांच्या रेषा आपल्या चालीने उतरत होत्या, जाळीचा त्यांच्यावर काहीच परिणाम नव्हता. फक्त ज्याच्यावर काही नव्हते त्याचे ते काही नसणे परत येत होते.

म्हणजे जाळीने जे बाहेर ठेवले होते त्यातच कारण होते. सिरिल वही घेऊन बसला. मांजर बाहेर राहिलीच नव्हती; जाळीखालून शिरून ती रोज गाडीच्या टपावर झोपत होती. पक्ष्यांनी काही टाकले असते तर ते दिसले असते, ते लपून राहत नाही. रोली एकदाच आला होता, आणि एका भेटीचा परिणाम आठवडेच्या आठवडे वाढत जात नाही. मग रोज येणारे कोण? असा प्रश्न त्याने कागदावर लिहिला आणि पेन्सिल कागदावरच राहिली.

क्लॅरी आपल्या अंगणात पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. हातात कप होता. टाकीशी बोलण्यासारखे काही नसल्यामुळे तो गप्प होता. सिरिल त्याच्या शेजारी जाऊन टाकीला टेकला.

"हल्ली येत नाहीस."

"जाळी लावलीस ना."

"ती पक्ष्यांसाठी आहे रे."

"हो, मीही तेच धरून चाललो," क्लॅरी म्हणाला. "पण पक्षी आणि मी, एवढेच तर येत होतो तिकडं."

सिरिलने टाकीला टेकलेले आपले कोपर उचलून पाहिले. मग त्याने विचारले, आलास की तू टेकायचास कुठे.

"कुठे म्हणजे? माझ्या जागेवर. तू पाच चौकोन दाखवलेस, इथं बोट लावायचं नाही म्हणालास. सहाव्याचं काही बोलला नाहीस. मला वाटलं, तो तू मला टेकायला सोडलायस." त्याने चहाचा घोट घेतला. "म्हटलं, सिरिल आहे, त्यानं सगळा विचार करूनच आखलं असणार."

सिरिलने त्याच्या डाव्या कोपराकडे पाहिले. करड्या लोकरीचा जाड, काहीसा मेणचट स्वेटर होता. गेले दोन हिवाळे, आणि यंदा मेमध्ये तिकडची थंडी पडू लागल्यापासून, तो हाच स्वेटर पाहत होता. परवानगी घेऊन त्याने कोपरावर बोट घासले आणि बोट नाकाशी नेले. मेंढीचा वास आला. बोट दुसऱ्या बोटावर घसरत होते.

"मॉडनं विणलेला," क्लॅरी म्हणाला. "लोकर धुवायची नाही, तशीच कातायची, असा तिचा हट्ट. धुतलं की लोकरीतलं मेण जातं, मग पाऊस आत येतो, म्हणायची. साबण लावायचा नाही अशी ताकीद आहे मला."

मेंढीच्या अंगातून लोकरीत उतरणारे ते मेण म्हणजेच लॅनोलिन, आणि ते पाणी झिडकारते, हे सिरिलला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते. माणसाला पुष्कळ गोष्टी विद्यार्थिदशेपासून ठाऊक असतात.

अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. जाळी त्याच दिवशी निघाली. सिरिलने गाडीच्या डिकीवर दोन नवे चौकोन आखले आणि क्लॅरीला विनंती केली की त्याने डाव्या हातावर स्वेटरची बाही तशीच ठेवावी, उजवा हात बाहीतून काढून नुसत्या सुती सदऱ्यात ठेवावा, आणि दोन्ही कोपरे नेमून दिलेल्या चौकोनांवर वीस मिनिटे टेकावीत. क्लॅरी लोकरीच्या धंद्यात चाळीस वर्षे होता, त्याला अचूकपणाचे वावडे नव्हते. त्याने फक्त एक शंका विचारली.

"बोललं तर चालेल का?"

बोलण्याने निष्कर्षावर परिणाम होत नाही, असे सिरिलने ठरवले. अकरा ते एकवीस जून या काळात क्लॅरी रोज सकाळी एक बाही लोंबत असलेल्या अवस्थेत डिकीवर ओणवा होऊन पावसाबद्दल बोलला. मिसेस स्क्रिमजर दोनदा अंगणात येऊन परत गेल्या. एकवीस तारखेला उजव्या कोपराखालचा चौकोन त्रेसष्टवरून चौसष्टवर होता. डाव्या कोपराखालचा त्रेसष्टवरून चौऱ्याऐंशीवर.

निबंधाची प्रत नियमाप्रमाणे सभेच्या आधी चिटणीसाकडे द्यावी लागे. बावीस तारखेला रोली पास्को ती घेऊन स्वतः आला. तो बॉनेटला टेकला नाही, उभा राहिला.

"सहावा चौकोन गाळ," तो म्हणाला. "पाचांत माझं तिसरं आलंय, ते मी गिळतो. रंगपरीक्षकासाठी तुझं नाव मीच सुचवतो, आणि मी सुचवलं की सोळा मतं पक्की. पण दोनशे चाळीस डॉलरचं मेण एका म्हाताऱ्याच्या बाहीपुढं हरलं असं तू वाचलंस, तर यापुढच्या प्रत्येक प्रदर्शनात लोक मला स्वेटर आणून देतील. माझं एवढं ऐक गड्या."

देवघेव निर्लज्ज होती, पण अशास्त्रीय नव्हती, आणि सिरिलची अडचण नेमकी तीच होती. बिघडलेला चौकोन बाद करतातच. पाच मेणांची आपापसातली तुलना सहाव्याशिवायही उभी राहत होती. एक परिच्छेद न लिहिणे एवढेच करायचे होते. त्यात एकही असत्य अक्षर नव्हते. सिरिलने दुपारभर विचार केला. संध्याकाळी नोरीनने विचारले की गाळला तर कोणाला कळेल. कोणालाच नाही, असे तो म्हणाला.

"मग एवढा विचार कसला करतोयस?"

"त्याचाच," सिरिल म्हणाला.

कारण सहावा चौकोन काढला की पाच मेणांपैकी कोणते अधिक बरे एवढेच सांगता येत होते. काहीही न लावण्यापेक्षा ती बरी की नाही, हे सांगता येत नव्हते, आणि मुळात लोकांना जाणून घ्यायचे होते ते तेच. आणि एकतीस वर्षे ज्या चुकीसाठी त्याने हाताखालच्या लोकांची खरडपट्टी काढली होती ती चूक त्याने स्वतः केली होती. ती लपवून पांढरा हातमोजा घातला असता तर दुसऱ्याच्या रंगावरचा ओरखडा त्याने कोणत्या तोंडाने दाखवला असता?

बुधवारच्या सभेत त्याने सगळे वाचले. चाळीस मिनिटे लागली. मेणांच्या क्रमवारीला लोक माफक दाद देत होते. सहाव्या चौकोनाशी आल्यावर कोणीतरी "मेंढी पहिली आली" असे म्हणाले आणि मिसेस ऑक्सनहॅम यांना टेबलावर पेला आपटावा लागला. रोली छताकडे पाहत होता. मागच्या रांगेत क्लॅरी तोच स्वेटर घालून ताठ बसला होता. तो मंडळाचा सभासद नसल्यामुळे त्याला मत नव्हते. रंगपरीक्षकाची जागा सोळाविरुद्ध नऊ मतांनी रोली पास्कोकडे गेली. टायर आणि तेलगळती सिरिलकडे कायम राहिली.

निबंध मंडळाच्या पत्रिकेत छापताना शेवटचा परिच्छेद ठेवायचा का, असे अध्यक्षांनी त्याला दोनदा विचारले. ठेवायचा, असे त्याने दोन्ही वेळा सांगितले. तो परिच्छेद असा आहे:

'सहाव्या चौकोनाचे आकडे तुलनेसाठी बाद धरावेत. सात एप्रिल ते एकोणतीस मे या काळात त्यावर रोज सकाळी सुमारे वीस मिनिटे एक हात टेकलेला असे. मेमध्ये थंडी पडू लागल्यापासून त्या हातावर न धुतलेल्या लोकरीची बाही होती व तीतील मेण रंगावर उतरले. डिकीवरील चाचणीने याची खात्री झाली आहे. हात टेकणाऱ्या गृहस्थांकडे कोणताही दोष नाही. त्यांना दिलेली प्रत्येक सूचना त्यांनी पाळली. प्रयोगकर्त्याने पाच चौकोनांना हात लावू नये असे सर्वांना सांगितले होते. सहाव्यावर काही नव्हते, म्हणून त्याला हात लावू नये असे त्याने कोणालाच सांगितले नाही.'